पोपटाची लाज कसली?

१९८०च्या दशकातील आवडते गाणे कोणते, असे विचारले की आमचे सुशिक्षित बांधव चटकन नाझिया हसनचे नाहीतर किशोरकुमारचे नाव घेतात. आम्ही मात्र सरळ सांगतो, आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे! काही जण हसतात, काही खाली मान घालतात. ही लाज कसली, याचा विचार झाला पाहिजे.

आमचे गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीकाठी. मे महिन्यात चाकरमानी सुटीवर येत, म्हणून बुद्ध आणि बाबासाहेबांची संयुक्त जयंती बौद्धवाडीत तेव्हाच होई. एस.टी.च्या टपावर ट्रंका आणि हातात टेपरेकॉर्डर. एका जयंतीला भीमगीतांचा कार्यक्रम संपल्यावर पोरांनी पोपटाची कॅसेट लावली. वाडीतले एक आजोबा कडाडले, "जयंतीक ह्यां काय लावलास रे?" कोणीतरी म्हणाले, "आजानू, प्रल्हाद शिंद्यांचो झील गाता हा." आजोबा खाली बसले. म्हणाले, "मगे ऱ्हवांदे."

त्या आजोबांना जे कळले, ते आमच्या शिकलेल्यांना कळू नये? गाणे थिल्लर असेल, पण गळा चळवळीत तयार झालेला होता. वामनदादा कर्डक गावोगाव पायपीट करून गात. ध्वनिमुद्रिका काढणे गरिबाच्या आवाक्यात नव्हते. कॅसेट स्वस्त होती, घरच्या घरी तिची नक्कल करता येत होती. म्हणूनच वस्तीतला आवाज प्रस्थापितांची परवानगी न घेता महाराष्ट्रभर पोहोचला.

पण येथेच सावध राहिले पाहिजे. ज्या मांडवात आमच्या माणसांना वेगळ्या पंगतीला बसवत, त्याच मांडवात हे गाणे दणदणत होते. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी ज्यांच्या घरी पहाटे लागत, त्यांतील किती घरांनी त्याच गळ्यातील भीमगीते विकत घेतली? आवाज आत घ्यायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही जातिव्यवस्थेची जुनी चलाखी आहे. गाणे गाजले म्हणजे समता आली, या भ्रमात राहू नये. आणि बाहेरच्यांनी नाक मुरडले म्हणून आपणही मुरडावे, ही तर निव्वळ गुलामी!

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले, २३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. नामवंतांची गाणी आज मोबाईलवर मिळतात. पण तालुक्या-तालुक्यातील अनाम गायन पार्ट्यांचे काय? त्यांच्या कॅसेटी ट्रंकांमध्ये पडून आहेत. कोकणच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, आणि एकदा फीत गेली की तो आवाज पुन्हा मिळत नाही. आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. मग जो ध्वनिमुद्रित होऊन घरात पडला आहे, तो तरी आपण जपतो का?

म्हणून आमची विनंती आहे. येत्या जयंतीला प्रत्येक वाडीने जुन्या कॅसेटी गोळा कराव्यात. गायक, कवी, ढोलकीवाला यांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावीत. संगणकावर उतरवून एक प्रत विहारात ठेवावी. भीमगीते आधी उतरवावीत, हे खरेच. पण पोपटाची कॅसेट सापडली तर तीही फेकू नका. तोही आपल्याच माणसाचा आवाज आहे.