‘विश्रांती घ्या’ कुठे मिळते?

‘पैसे वाटण्यापेक्षा दवाखाने बांधा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. दवाखाने हवेतच, पण मोफत दवाखान्यात पोहोचायलाही एसटीचे भाडे लागते, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात ऊस तोडणारी बाई काही हौसेने तोडत नाही.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. शेतमजूर बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर किमान ६,००० लिहिले आहेत. यात उधळपट्टी ती कोणती?

ब्राझीलने २००३ पासून ‘बोल्सा फमिलिया’ योजनेत गरीब कुटुंबांना रोख मदत दिली आणि मुलांच्या लसीकरणाची, तपासणीची अट घातली. योजना जिथे चांगली पोहोचली, तिथे बालमृत्यू घटल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील २०१३ च्या अभ्यासात दिसले. तिथे घरोघरी जाणारी आरोग्य पथकेही होती. म्हणजे पैसे आणि आरोग्यसेवा, दोन्ही लागतात.

डॉक्टर ‘विश्रांती घ्या, दूध-अंडी खा’ असे सांगतात. ते कोणत्या मेडिकलमध्ये फुकट मिळते, हे पत्रलेखकांनी कळवावे.

– एक निवृत्त परिचारिका, बीड