बेंबीभोवतीचं दुखणं इंग्रजीत सांगताना

प्रति,
महासंचालक,
नौवहन महासंचालनालय, मुंबई



दापोली-गुहागरकडचा दहावी झालेला मुलगा सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स करून बोटीवर रुजू होतो, तेव्हा त्याच्या फायलीत एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराची मूलभूत प्रमाणपत्रं असतात: जीव वाचवण्याची तंत्रं, आग विझवणं, प्राथमिक उपचार. इंग्रजीत ४० टक्क्यांची अट त्याने प्रवेशाच्या वेळीच पार केलेली असते. त्या टक्क्यांत निबंध येतो, रजेचा अर्ज येतो. मध्यरात्री सात लहान आणि एक लांब असा भोंगा घुमल्यावर, फिलिपिनो बोसन आणि युक्रेनियन चीफ ऑफिसर एकाच वेळी ओरडत असताना जे इंग्रजी लागतं, ते त्यात येत नाही.

ते इंग्रजी तसं मोजकंच आहे. पण त्यातला एकेक शब्द हाताच्या एकेका हालचालीशी बांधलेला असतो. लाइफ राफ्टच्या दोरीला पेंटर म्हणतात. तिचं टोक जहाजाला पक्कं आहे ना, हे आधी बघायचं, मग राफ्टचा डबा समुद्रात लोटायचा, मग दोरी संपेपर्यंत ओढून हिसका द्यायचा. तेव्हा राफ्ट फुगते. क्रम चुकला तर राफ्ट वाऱ्याबरोबर निघून जाते आणि माणसं डेकवर राहतात.

७ एप्रिल १९९० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, ऑस्लोहून डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सहावनकडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागली. १५९ जण गेले. कर्मचाऱ्यांत बरेच पोर्तुगीज होते, नुकतेच कामावर आलेले. त्यांच्यातल्या अनेकांना ना प्रवाशांची भाषा येत होती, ना इंग्रजी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये एसएमसीपी ही प्रमाण वाक्यांची संहिता स्वीकारली, तिच्यामागे असल्या अपघातांचा धडा होता. संहिता चांगली आहे. ‘मे’, ‘शुड’, ‘कुड’ असे संदिग्ध शब्द टाळायला ती सांगते, आकडे सुटे सुटे उच्चारायला लावते. पण तिची सक्ती मुख्यतः वॉच सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांवर. धुरात केबिनची दारं ठोठावायला जातो तो स्टुअर्ड, मेसमन. गोव्यातून आणि कोकणातून क्रूझवर जाणारी कितीतरी मुलं याच कामांवर जातात.

एके काळी भाषा शिकण्याचं हे ओझं दुसऱ्या खांद्यावर होतं. १८११ मध्ये टॉमस रोबक या स्कॉटिश माणसाने कलकत्त्यात जहाजावरचा इंग्रजी-हिंदुस्तानी कोश छापला, तो गोऱ्या अधिकाऱ्यांना सारंग-टंडेलांशी त्यांच्या बोलीत बोलता यावं म्हणून! वादळात आज्ञा भलतीच समजली जाणं तेव्हाही कुणाला परवडत नव्हतं.

प्राथमिक उपचारांत तर पंचाईत आणखी मोठी. शंभर किंवा अधिक माणसं आणि तीन दिवसांहून लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच जहाजावर डॉक्टर सक्तीचा. बाकीच्यांनी रेडिओवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला घ्यायचा. रोमचं सीआयआरएम हे केंद्र १९३५ पासून हेच काम फुकट करतं. डॉक्टर विचारणार, कुठे दुखतं, कधीपासून, कसं? मराठी माणसाकडे दुखण्याच्या शब्दांची वाण नाही. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, ठसठसतं, मुरडा येतो, जळजळतं. त्याच्या इंग्रजीत हे सगळं ‘पेन’ नावाच्या एकाच पोत्यात कोंबलं जातं. अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला सरकतं. हे सरकणं डॉक्टरपर्यंत पोचलं, तर जहाज जवळच्या बंदराकडे वळवायचा विचार कप्तान करतो. नुसतं ‘स्टमक पेन’ पोचलं, तर अॅसिडिटीची गोळी मिळते.

शिवाय एसटीसीडब्ल्यूप्रमाणे जीवरक्षण आणि अग्निशमन यांतलं कौशल्य टिकून असल्याचा पुरावा दर पाच वर्षांनी द्यावा लागतो. प्राथमिक उपचारांना ती अट नाही. विशीत शिकलेली रिकव्हरी पोझिशन पन्नाशीतही आठवेल, असं बहुधा गृहीत धरलेलं असावं.

आपल्याकडे मागणं खर्चिक नाही. एक चित्रमय पुस्तिका काढावी: आज्ञा इंग्रजीतली, उच्चार देवनागरीत, खाली कृती मराठीत. कोकणी, गुजराती, तमिळ, मल्याळम ओघाने आलीच. सोबत ध्वनिफिती द्याव्यात, आणि त्यांत आवाज मुंबईच्या निवेदकाचा नको. मनिलाचा, ओडेसाचा, पिरेअसचा हवा. मराठीत समजावलं तर पोरांचं इंग्रजी कच्चं राहील, असा आक्षेप येईल. येऊ द्यावा. परीक्षेत मराठीचा एक शब्द नको. उमेदवाराला लाइफ जॅकेट चढवून, दिवे घालवून, इंजिनाचा आवाज लावून आज्ञा द्यावी. त्याने ‘से अगेन’ म्हटलं तर गुण द्यावेत. न समजता ‘येस सर’ म्हणणाऱ्याचे कापावेत.

प्राथमिक उपचारांचीही अशीच तोंडी परीक्षा व्हावी. भिंतीपलीकडे रेडिओवर डॉक्टर, अलीकडे पोट धरून बसलेला सहकारी. मधल्या मुलाने सांगायचं: दुखणं कुठून कुठे गेलं, उलटी झाली का, ताप किती, नाडी किती. पुढच्या तुकडीपासून एखाद्या संस्थेत हे करून बघायला आपलं एक परिपत्रक पुरेसं आहे.