प्रशिक्षणाचा हिशेब ग्रामसभेत द्या

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे महामार्गावरचे गाव. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला येथेच कोल्हापूरचा रस्ता फुटतो. या परिसरातील एखाद्या तरुणाने केंद्र सरकारच्या खर्चाने धंदेशिक्षण घेतले, तर त्याची नोंद सरकारी संगणकावर होते, प्रशिक्षण देणाऱ्या खाजगी संस्थेशी करार राजधानीत होतो, आणि नोकरी लागलीच तर ती बहुधा पुण्यामुंबईकडे. या साऱ्या व्यवहारात गावाला बोलण्याची जागा नाही. मात्र ती नोकरी खरोखर लागली काय, आणि लागली असल्यास चार महिन्यांत पोरगा घरी परत का आला, हे पक्के ठाऊक असते ते गावालाच. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारायचे नाही, आणि ज्याला विचारायचे त्याला ठाऊक नसते, अशी ही रचना आहे.

हा दोष नवा नाही. १५ ऑगस्ट १९७९ रोजी केंद्राने ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी ‘ट्रायसेम’ योजना सुरू केली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून लोकनियुक्त जिल्हा परिषदा काम करीत होत्या. तरीही १९८० नंतर केंद्राच्या ग्रामविकासाचा पैसा जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा या वेगळ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत वाहू लागला. १९९९ मध्ये ट्रायसेम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. पुढे २०१४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आणि २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. नावे बदलली आणि नोकरशाहीच्या जोडीला खाजगी कंत्राटदार आला. लोकप्रतिनिधी व ग्रामसभा मात्र होत्या तेथेच, म्हणजे दाराबाहेर राहिल्या.

संविधान काय म्हणते? २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची निर्माण केली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा एकोणतीस विषयांपैकी अठरावा विषय तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसायशिक्षण हाच आहे. प्रत्यक्षात पंचायतीच्या वाट्याला येते ते उमेदवार गोळा करून देण्याचे काम. जिल्हा पातळीवर कौशल्य विकासाची समिती आहे, पण ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची. शिवाय २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यानंतर रत्नागिरीसह राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांवर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच बसून होते. अशा काळात लोकांच्या वतीने देखरेख करणार कोण?

देखरेख नसली की काय होते, याचा पुरावा खुद्द भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दिला आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळाचा त्यांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. नोंदलेल्या प्रशिक्षणार्थींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांच्या बँक खात्याचा रकाना एक तर कोरा होता, नाहीतर शून्ये व निरर्थक अक्षरे यांनी भरलेला होता. एकच छायाचित्र अनेक नावांपुढे लावल्याचेही आढळले. कोट्यवधींच्या खर्चाची ही गत तपासनिसांना वर्षांनंतर कळली. गावात यादी वाचली गेली असती, तर बनावट नाव त्याच संध्याकाळी उघडे पडले असते.

यामागे केवळ माणसांचा अप्रामाणिकपणा नाही. अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. संस्थेला पैसे मिळतात ते डोकी मोजून. तेव्हा जे शिक्षण स्वस्तात उरकता येते तेच दिले जाते. परिसराला काय हवे, हा विचार मागे पडतो. रत्नागिरीच्या या भागात महामार्गावरील वाहनांची दुरुस्ती आहे, आंब्याचे कॅनिंग आहे, काजूप्रक्रिया आहे, जांभ्या चिऱ्याचे बांधकाम आहे. यांपैकी कशाला कुशल हात कमी पडतात, हे सांगायला दिल्लीच्या तज्ज्ञाची गरज नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: गावच्या हाती अधिकार गेला की वशिलेबाजी माजेल. ही भीती निराधार नाही. अमेरिकेने १९७३ च्या रोजगार व प्रशिक्षण कायद्याने केंद्राचा पैसा आणि तो खर्च करण्याचा अधिकार, दोन्ही स्थानिक शासनांकडे सोपवले. अनेक ठिकाणी सत्ताधाऱ्यांनी आपल्या माणसांची वर्णी लावली. १९७८ मध्ये कायदा कडक करावा लागला, आणि १९८२ मध्ये तो मोडीत निघून सूत्रे उद्योगपतींचे बहुमत असलेल्या परिषदांकडे गेली. पण यातून निघणारा धडा ‘लोकांना अधिकार देऊ नका’ असा नाही. पैसा वाटणारा हात आणि हिशेब तपासणारा हात एक असू नये, हा तो धडा आहे.

म्हणून उमेदवार निवडण्याचा किंवा संस्था नेमण्याचा अधिकार सरपंचाला द्या, अशी मागणी येथे नाही. मागणी तपासणीच्या अधिकाराची आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या सतराव्या कलमाने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा हक्क दिला होता, आणि आंध्र प्रदेशाने त्यासाठी २००९ मध्ये स्वतंत्र यंत्रणाही उभी केली. मातीकामाचे हजेरीपत्रक जर ग्रामसभा तपासू शकते, तर प्रशिक्षणाचे का नाही?

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. प्रत्येक गावातील प्रशिक्षणार्थींची यादी, शिकवलेला धंदा, झालेला खर्च व मिळालेली नोकरी यांचे वाचन ग्रामसभेत वर्षातून दोनदा व्हावे. संस्थेचा शेवटचा हप्ता या वाचनानंतरच आणि प्रशिक्षणार्थीच्या स्वतःच्या जबाबानंतर द्यावा. तक्रार आल्यास निकाल जिल्हा परिषदेच्या लोकनियुक्त समितीने ठरावीक मुदतीत, उघड बैठकीत द्यावा. यास नवा निधी लागत नाही. लागते ती अधिकार खाली सोडण्याची तयारी.

बेकार तरुणाच्या हाती प्रमाणपत्राचा कागद ठेवून त्याची नोंद ‘कुशल’ अशी करणे ही त्याची दुहेरी फसवणूक आहे. त्याला काम मिळत नाही, आणि त्याच्या नावावर पैसा मात्र खर्ची पडतो. तो पैसा जनतेचा आहे. त्याचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क ज्या गावाच्या मुलांच्या नावे तो खर्च झाला, त्या गावाचा आहे. हा हक्क कोणी आपण होऊन देणार नाही. पालीसारख्या गावांनी तो येत्या ग्रामसभेत ठराव करून मागितला पाहिजे.