सलालाचा पाऊस आणि सावर्ड्याची रजा

"कोकणातून उठून कोकण बघायला गेले," हा शेरा सावर्ड्यात जुलै-ऑगस्टच्या सुमारास हमखास ऐकू येतो. शेऱ्याचा विषय असतो दुबईत किंवा शारजात नोकरीनिमित्त राहणारे एखादे कुटुंब. मुलांच्या शाळेला लागलेल्या लांब सुट्टीतले पाच-सहा दिवस त्याने गावी न येता शेजारच्या ओमानमध्ये, सलालाच्या समुद्रकाठी घालवलेले असतात. फोनवर छायाचित्रे येतात. धुक्यात बुडालेले डोंगर, केळीच्या बागा, रस्त्याकडेला शहाळी आणि केळी विकणारी टपरी, मागे करडा, उसळता समुद्र. पाहणारा म्हणतो, हे तर आपल्याकडेच आहे! या शेऱ्यात थोडी थट्टा असते, थोडा मत्सर असतो आणि बरीचशी दुखावलेली माया असते. तरीही आम्हांला तो अन्यायाचा वाटतो. त्याची मुळे आपल्या वाङ्मयीन सवयींतही आहेत असे आमचे मत आहे, म्हणून येथे त्याचा विचार करीत आहोत.

प्रथम हे सलाला प्रकरण काय आहे ते पाहू. ओमानच्या दक्षिणेला धोफार नावाचा प्रांत आहे आणि सलाला हे त्याचे मुख्य शहर. अरबस्तानात जेव्हा पारा चाळिशीच्या वर जाऊन बसतो, तेव्हा साधारण २१ जूनपासून तीन महिने येथे पंचविशीतली गार हवा असते. कारण आपल्या परिचयाचेच आहे. आपल्यावर पाऊस घेऊन येणारे नैर्ऋत्य वारे धोफारच्या किनाऱ्यालगत वाहतात. त्यांच्या रेट्याने समुद्राचे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते व तळचे थंड पाणी वर येते. त्यावरून येणारी दमट हवा गार होऊन धुके होते आणि किनाऱ्यामागचे डोंगर ते अडवून धरतात. पाऊस म्हणावा तर बुरबुर. शहरात वर्षभरात सारा मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो. चिपळूण-सावर्डे पट्ट्यात जुलैतला एखादा दिवसही तेवढा हिशेब पुरा करतो. पण तेवढ्या बुरबुरीवर डोंगर हिरवे होतात, आणि दुबईहून सुमारे बाराशे किलोमीटरचे वाळवंट मोटारीने तुडवून आलेल्या माणसाला थुमरैत गाव मागे टाकल्यावर अचानक ते हिरवेपण दिसते.

या ऋतूला तिकडे ‘खरीफ’ म्हणतात. अरबीत त्याचा मूळ अर्थ शरद. तोच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि ‘खरीप’ झाला. आमच्या शेतकऱ्याला खरीप म्हणजे चिखलणी, लावणी, कंबरेचा काटा ढिला करणारे दिवस. तिकडे खरीफ म्हणजे सतरंजी पसरून, थर्मासातला चहा ओतून धुके पाहत बसण्याचे दिवस. एका शब्दाची दोन काठांवर अशी दोन आयुष्ये व्हावीत यातच आमच्या विषयाचा निम्मा भाग आला.

सलालाला गेलेले कुटुंब तेथे काय करते? जवळजवळ काहीच नाही. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, पोहण्याची सोय नसते. मुघसैलच्या किनाऱ्यावर खडकातील भोकांतून लाटांचे पाणी कारंज्यासारखे उडते ते पाहायचे. (गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ आहेच, हे सांगायला सावर्डेकर विसरत नाही.) भिजायचे, खायचे, झोपायचे. ही ‘काहीच न करण्या’ची गोष्ट मराठीत कशी लिहावी, हे आपल्या वाङ्मयाने अजून ठरवलेले नाही.

आपले प्रवासवर्णन पाहा. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्या प्रवासाचा हेतू दक्षिणा मिळवण्याचा होता आणि वाटेत सत्तावनचा वणवा आडवा आला. पंडिता रमाबाईंनी अमेरिका पाहिली ती तेथील लोकस्थिती आपल्या लोकांना कळावी म्हणून. अनंत काणेकर ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ गेले, पु. ल. देशपांड्यांनी १९६० च्या ‘अपूर्वाई’त विलायतेशी आणि स्वतःच्या मराठीपणाशी एकदमच थट्टा मांडली. ही सारी मोठी पुस्तके आहेत. पण मराठी प्रवासी परदेशी जातो तो काहीतरी शिकायला, ताडून पाहायला, निदान चार गमती गोळा करायला. नुसता दमलेला माणूस प्रवासवर्णनाचा नायक होत नाही. आपल्याकडे दमलेल्याने ‘हवापालट’ करायची असते, आणि तीही डॉक्टरने सांगितली तर. ‘रजा’ हा शब्दही मुळात संमती, परवानगी या अर्थाचा आहे. विश्रांती ही कोणीतरी द्यायची गोष्ट, आपण होऊन घ्यायची नव्हे, असे आपली भाषाच बजावते.

मग दमलेल्या कोकणी माणसाने कोठे जावे? उत्तर तयार असते: गावी. येथे आम्हांला मिरजोळीच्या हमीद दलवाईंची आठवण होते. मिरजोळी सावर्ड्याच्याच तालुक्यातली. त्यांच्या ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीचा निवेदक आजारपणानंतर विश्रांतीसाठी गावी येतो आणि गावातल्या तेढीचा साक्षीदार होऊन बसतो. कादंबरीचा रोख अर्थातच वेगळा व कितीतरी गंभीर आहे. पण ‘गाव विश्रांती देत नाही’ ही तिच्यातली आनुषंगिक गोष्ट आखातातून येणारा प्रत्येकजण पुन्हा अनुभवतो. सातबाऱ्यावरचे नाव, सामाईक घराची गळती, चुलत्यांशी धरलेला अबोला, बँकेतले खाते, आजारी नातलगाची भेट, लग्न ठरलेल्या भाच्याचा आहेर. तीस दिवसांची वार्षिक रजा अशी संपते की परतीच्या विमानात माणूस झोपतो तो महिनाभरात पहिल्यांदा. शिवाय आखातातील शाळांची सुट्टी येते नेमकी भर पावसात. विमानभाडे चढलेले, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर, आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला ते पावसाकडे मौज म्हणून पाहू शकत नाहीत. गणपतीला यावे तर बहुधा तोवर शाळा सुरू झालेल्या असतात.

सलालात त्यांना मिळते ते कोकण नव्हेच. मिळतो तो ज्याच्याशी आपला कसलाही हिशेब नाही असा पाऊस. तेथील माडाखाली वाटणीचा दावा नाही, तेथील घर गळत नाही, तेथे कोणी "कधी आलास, कधी जाणार" असे एका दमात विचारत नाही. ओळखीचा देखावा आणि अनोळखी माणसे, हा योग सावर्ड्यात जमणे अशक्य. हेदवी दोन तासांवर असली तरी हेदवीतही कोणीतरी पाहुणा निघतोच.

अर्थात ही विश्रांती सर्वांना सारखी वाटली जात नाही. पुष्कळ कुटुंबे भाड्याची सदनिका घेतात, मसाल्याचे डबे आणि कुकर गाडीत घालूनच निघतात. पुरुष धुके पाहत असताना बाई भात लावत असते. मराठीत विसाव्याची खरी परंपरा एकच होती, ती माहेरपणाची, आणि सलालात माहेर नाही. पुढेमागे या समुद्रकाठच्या सुट्टीवर कोणी कथा लिहिलीच तर ती त्या ओट्यापाशी उभे राहून लिहावी.

लिहिणार कोण, हा प्रश्न आहेच. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ साली १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण अकराशेच्या वर. माणसे बाहेर आहेत हे जनगणनेला दिसते. मुंबईच्या चाळीतला कोकणी माणूस साहित्याने भरभरून रंगवला. आखातातल्या माणसाची मात्र आपण फक्त दोन चित्रे ठेवली, अत्तर लावून आलेला उधळ्या, नाहीतर गावच्या आठवणीने व्याकूळ झालेला अपराधी. मल्याळममध्ये २००८ साली बेन्यामिनची ‘आडुजीवितम्’ आली आणि आखाताच्या वाळूत राबणारा माणूस केरळच्या घराघरांत पोचला. आपल्याकडे राबणाराही नाही, आणि राबून दमल्यावर बायकामुलांसह चार दिवस समुद्राकडे पाहत बसणाराही नाही.

दुसरी बाजू आहे आणि ती आम्हांला सोडवत नाही. सलालाचे पाच दिवस त्या तीस दिवसांतूनच वजा होतात. सावर्ड्याच्या घरी मागे राहिलेली म्हातारी माणसे पावसापूर्वी घर शाकारून घेतात, वरची खोली झाडून ठेवतात, आणि मग फोन येतो की यंदा पंधराच दिवस. त्यांना कोणी विश्रांतीला नेत नाही. नेले तरी ती जाणार नाहीत, कारण गुरे आहेत, लावणी आहे, किल्ली कोणाकडे द्यायची हा घोर आहे. परवा एका घरी व्हिडिओवर नातवाने आजीला सलालाचा पाऊस दाखवला. आजीने चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिले, आणि विचारले, "एवढाच?" मग फोन खिडकीशी नेऊन तिने आपल्या अंगणातला दाखवला.