झीरो कमिशन म्हणे!

‘झीरो कमिशन’ ही पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. परदेशी निघालेल्या माणसाला डॉलर-युरो विकणाऱ्या काउंटरवर ती बऱ्याचदा दिसते. मंडळी, कमिशन शून्य असेल तर त्या काउंटरचं भाडं कोण भरतं? आत बसलेल्या माणसाचा पगार कोण देतं? आपणच! फक्त कुठून देतो ते आपल्याला दिसू नये, एवढीच व्यवस्था केलेली असते.

सोपा हिशोब करू. समजा, बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे. दुकानदार तो तुम्हाला ९३ ला विकतो आणि परत घेताना ८७ ला घेतो. १,००० डॉलर घेतलेत की ३,००० रुपये तिथेच गेले. ते खर्च न करता जसेच्या तसे परत आणलेत, तर आणखी ३,०००. आणि पावतीवर काय? कमिशन शून्य.

खरी गंमत पुढेच आहे. या व्यवहारावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो पूर्ण रकमेवर नाही, चलन बदलून देण्याच्या सेवेवर. १ लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का, किमान २५० रुपये, हे त्या सेवेचं मूल्य धरायची मुभा नियमाने दुकानदाराला दिली आहे. म्हणजे ९३,००० रुपयांवर मूल्य ९३० आणि कर १६७ रुपये. सरकार म्हणतं सेवेला मोल आहे, कर भरा. पाटी म्हणते आम्ही काही घेतलंच नाही. दोघांपैकी खरं कोण? आणि पावतीवर ते १६७ रुपये छापून येतात, पण खरे गेलेले ३,००० कुठेच नसतात.

आपल्याकडे हा धंदा काही नवा नाही. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालायचे. ते बदलून देताना सराफ बट्टा घ्यायचा. त्याला ‘वटणावळ’ असं स्वच्छ मराठी नाव होतं. आजही सराफाकडे बांगड्या घ्यायला गेलं की सोन्याचा भाव वेगळा कळतो, घडणावळ वेगळी. घडणावळ जास्त वाटली तर आपण घासाघीस करतो, नाहीतर समोरच्या दुकानात जातो. डॉलर घेताना मात्र घासाघीस करायची कशावर? शून्यावर?

कुणी म्हणेल, नोटा आणायला, सांभाळायला खर्च येतो, भाव रोज हलतो. मान्य, एकदम मान्य. घ्या की पैसे! माझं भांडण नफ्याशी नाही, लपवाछपवीशी आहे.

कारण कामानिमित्त वरचेवर फिरणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं. फटका बसतो तो लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या आईला, पेन्शनीतून साठवून सिंगापूरची टूर करणाऱ्या काकांना. टंचाईच्या दिवसांत प्रवाशाच्या हातावर जेमतेम ८ डॉलर टेकवले जायचे, ते याच पिढीने ऐकलं-पाहिलंय. डॉलर मिळतोय हीच मेहेरबानी, भाव काय विचारायचा, असा तिचा स्वभाव झालाय. आज उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, पण तो संकोच काही सुटलेला नाही.

तेव्हा आमच्या घरच्या आणि ब्लॉगवरच्या मंडळींना एवढंच सांगणं. काउंटरवर ‘कमिशन किती?’ विचारूच नका. ‘विकायचा भाव काय आणि परत घ्यायचा काय?’ असं विचारा. दोन्हींत जितकी दरी, तितकी कात्री. हे विमानतळावर नाही, निघायच्या आठवडाभर आधी, दोन-तीन ठिकाणी विचारा. रोख नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, पण तेवढ्या घ्यायलाच हव्यात असं नाही. आणि तिकडे कार्ड वापरताना मशीनने ‘रुपयांत देता का?’ असं लाडात विचारलं, तर ‘नको’ म्हणा. तीही वटणावळच, फक्त परदेशातली.

कामकाजाच्या प्रत्येक दिवशी डॉलरचा संदर्भ दर जाहीर होतो. मग पावतीवर एक ओळ का नसावी? आजचा संदर्भ दर अमुक, आमचा दर तमुक, वटणावळ एवढी. कितीशी शाई लागेल? आणि ती ओळ छापायची नसेल, तर निदान ती पाटी तरी उतरवा.