पुसट रेघेचा पुरावा

पेल्यातील मूत्रात बोटभर लांबीची पट्टी बुडवावी, पाच मिनिटे थांबावे आणि समोरच्या इसमाने गांजा ओढला आहे की नाही याचा निवाडा जागच्या जागी करावा, ही सोय पोलिसखात्यास आणि कारखानदारास सारखीच मोहक वाटावी, यात नवल नाही. पण या पट्टीची भाषा उलटी आहे. दोन रेघा उमटल्या तर माणूस सुटला. 'टी' या अक्षरासमोरची रेघ उमटली नाही, तरच संशयास जागा. ती रेघ कितीही पुसट असली तरी रेघच मानावी, असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु रात्री नाक्यावर, विजेरीच्या उजेडात, पुसट रेघ दिसणे वा न दिसणे हे पुष्कळदा पाहणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

शिवाय ही पट्टी नशा शोधीत नाही. गांजातील मादक द्रव्याचे यकृतात विघटन होऊन जो निरुपद्रवी अवशेष उरतो, तो ती शोधते. आणि ते द्रव्य मेदात मुरून सावकाश सुटत असल्याने नित्य ओढणाऱ्याच्या मूत्रात हा अवशेष कित्येक आठवडे सापडतो. यंत्रावर उभा असलेला कामगार या घडीस शुद्धीवर आहे काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नाहीच.

किती अवशेषास दोष म्हणावे, हेही कचेरीच ठरविते. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने 1988 साली आपल्या नोकरांच्या प्राथमिक चाचणीची मर्यादा मिलिलिटरमागे 100 नॅनोग्रॅम ठेवली आणि 1994 साली 50 वर आणली. उलट खेळाडूंची चाचणी घेणाऱ्या जागतिक संस्थेने 2013 साली आपली मर्यादा 15 वरून 150 वर नेली. एकच मूत्र एका दप्तरी निर्मळ आणि दुसऱ्या दप्तरी अपराधी! तथापि त्या अमेरिकन शिरस्त्यातील एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. तेथे प्राथमिक चाचणीवर निकाल देत नाहीत. नमुना प्रयोगशाळेत अधिक काटेकोर यंत्रावर पुन्हा तपासतात आणि मग एक वैद्य त्या इसमास त्याच्या औषधांविषयी खाजगीत विचारतो. याची गरज का? एचआयव्हीच्या रुग्णांना आपल्याकडे वर्षानुवर्षे दिलेल्या एफाविरेन्झ या औषधाने काही चाचण्या फसतात. फाटकाशी अडविलेल्या अशा रुग्णाने नोकरी वाचविण्यासाठी आपला आजार मुकादमासमोर उघड करावा काय?

थोडे त्रैराशिक मांडू. समजा, हजार कामगारांत 20 जण खरोखरीच गांजा ओढणारे आहेत आणि पट्टी दोन्ही बाजूंनी शंभरात 95 वेळा खरे बोलते. ती 20 पैकी 19 जणांस धरील. पण उरलेल्या 980 पैकी 49 निरपराध्यांसही त्याच रांगेत आणून उभे करील.

आपल्या 1985 च्या कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली, म्हणूनच उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने राजरोस चालतात. काशीत शिवरात्रीची ठंडाई पिऊन मुंबईस परतलेला भाविक आणि चिलीम ओढून आलेला इसम यांत पट्टीला काडीचा भेद कळत नाही. कलम 27 मात्र गांजाच्या सेवनाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. पट्टी बंद करा, असे मी म्हणत नाही. 'गांजाचे सेवन केल्याचे निष्पन्न झाले' असे पंचनाम्यात न लिहिता 'प्राथमिक चाचणीत रेघ उमटली नाही. नमुना दोन बाटल्यांत मोहोरबंद करून एक प्रयोगशाळेस रवाना केला व दुसरी फेरतपासणीसाठी राखून ठेवली' एवढेच लिहावे, आणि अहवाल येईपर्यंत कोणाची हजेरी बंद करू नये.