जखम बांधणारे हात

रणांगणावर जखमी जवानापाशी डॉक्टरच्या आधी बहुधा नर्सिंग असिस्टंट पोहोचतो. रक्त थांबवायचे, सलाईन लावायचे, स्ट्रेचर मागे न्यायचे. १९५० मध्ये भारताने कोरियात लढाऊ फौज धाडली नाही. ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स धाडली, ती याच कामासाठी.

निवृत्तीनंतर या कसबाचे काय होते? २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकांत यांतील काहीजण पुन्हा सैनिकांच्याच सेवेत दिसतात, पण कंत्राटावर! डॉक्टरपासून लपवलेले दुखणे म्हातारा सुभेदार यांच्यापाशी बोलतो. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातील चाकांच्या खुर्च्या पाहिल्या की कळते, जखम सीमेवर होते, सोसावी लागते आयुष्यभर. मग ती जाणणाऱ्याची नेमणूकच तेवढी मुदतीची का?